जुनं एकपडदा थिएटर पुन्हा सुरू करताना: आधी छप्पर, मग छत, झगमगाट सगळ्यात शेवटी

गावाच्या मध्यवस्तीतलं बंद पडलेलं थिएटर हातात आलं की पहिला मोह दर्शनी भागाचा होतो. नावाचा फलक उजळावा, फोटो काढावेत, लोकांना सांगावं की काम सुरू झालं. पैसे उभे करायला त्याचा उपयोगही होतो. पण फलकामागच्या भिंतीत पाणी मुरत असेल तर नवा रंग वर्षभरात फुगतो, नवं प्लास्टर पडतं आणि तोच खर्च पुन्हा करावा लागतो. जीर्णोद्धाराची बरीच कामं अर्धवट राहतात ती पैशाच्या तुटवड्यापेक्षा कामाचा क्रम चुकल्यामुळे. म्हणून इथे सगळं त्याच क्रमाने घेतलं आहे: इमारत समजून घेणं, धोके बाहेर काढणं, पाणी थांबवणं, छत सुरक्षित करणं, आणि मग पडदा, आवाज, खुर्च्या.

इमारत कोणत्या वर्षाची?

थिएटर एकाच वर्षाचं क्वचितच असतं. ल्युमिएर बंधूंनी २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसच्या ग्रँड कॅफेत तिकीट लावून चलच्चित्रं दाखवली, त्यानंतर बरीच वर्षं खेळ दुकानांत, सभागृहांत आणि नाटकघरांतच होत होते. खास चित्रपटासाठी बांधलेल्या इमारती नंतर आल्या, आणि पुढच्या प्रत्येक तांत्रिक बदलाने त्यांच्या अंगावर एकेक थर चढवला. हे थर ओळखता आले तर कागदपत्रं हाती लागण्याआधीच निम्मा इतिहास कळतो.

पडद्यामागे खोल मंच, वर पडदे ओढून घेण्याची उंच जागा, कपडे बदलायच्या खोल्या आणि मंचापुढे वादकांचा खड्डा असेल तर इमारत मूकपटाच्या काळातली किंवा त्याआधीच्या नाटकघराची. जाड भिंतींची, लोखंडी झडपांची प्रोजेक्शन केबिन मूळ बांधकामाला जोडल्यासारखी दिसली तर ती आगीच्या नियमांमुळे नंतर आलेली असू शकते. ब्रिटनमध्ये १९०९ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने अशी वेगळी, आगीला टिकणारी केबिन बंधनकारक केली. १९२६ ते १९३० च्या दरम्यान बोलपट आले आणि घुमणारा आवाज दाबण्यासाठी भिंतींवर ताग, नमदा किंवा दाबलेल्या तंतूंचे तक्ते ठोकले गेले. अशा तक्त्यांमागे मूळ भित्तिचित्रं शाबूत सापडतात, त्यामुळे ते पहारीने उचकटू नका. एक तक्ता स्क्रू काढून सोडवा आणि मागे काय आहे ते पाहून पुढचं ठरवा.

निऑनचा दिवा जॉर्ज क्लॉदने १९१० मध्ये पॅरिसला दाखवला. थिएटरच्या दर्शनी भागावर तो रुळला तो १९३० च्या दशकात, आर्ट डेको या भौमितिक सजावटीच्या शैलीबरोबर. मुंबईचं रीगल (१९३३) आणि इरॉस (१९३८) त्याच लाटेतले. १९५३ मध्ये सिनेमास्कोप ही रुंद चित्राची पद्धत आली आणि रुंद पडदा मंचाच्या मूळ कमानीत मावेना. काही ठिकाणी तो कमानीच्या पुढे लोखंडी सांगाड्यावर लावला, काही ठिकाणी कमानीचे खांब चक्क कापले. तुमच्या पडद्याचा सांगाडा कमानीपुढे असेल तर मागे जाऊन बघा. मूळ नक्षी धूळ खात तशीच असण्याची शक्यता चांगली आहे. पुढे एका मोठ्या सभागृहाचे दोन-तीन छोटे पडदे करण्याची टूम आली. बाल्कनीच्या कडेवर उभी केलेली विटांची किंवा जिप्सम बोर्डची भिंत त्या काळातली.

कागदोपत्री पुरावा चार ठिकाणी शोधा: नगरपालिकेकडचे मंजूर नकाशे, परवाना आणि अग्निशमन तपासणीच्या फायली, उद्घाटनाच्या आठवड्यातली वर्तमानपत्रं, आणि यंत्रांवरच्या धातूच्या पट्ट्या. प्रोजेक्टर, पंखे, खुर्च्या यांवर निर्मात्याचं नाव आणि क्रमांक असतो. फोटोंमध्ये अधिकृत फोटोपेक्षा रस्त्यावरच्या मिरवणुकीचे, गर्दीचे फोटो जास्त उपयोगी पडतात, कारण त्यांत फलकाच्या कडा, दिव्यांची संख्या, तिकीटखिडकीचा आकार मागे सहज टिपलेला असतो.

मग प्रश्न येतो की कोणतं वर्ष धरायचं. जुन्या वास्तू जपण्याबद्दलच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेतली दोन तत्त्वं इथे कामाला येतात: वेगवेगळ्या काळांत पडलेली चांगली भर जपावी, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे पुनर्निर्माण थांबवावं. व्यवहारात याचा अर्थ असा की १९२० ची कमान आणि १९४० चा निऑन फलक एकत्र नांदू शकतात. सभागृह दुभंगणारी नंतरची भिंत मात्र खुशाल काढा, पण ती बाल्कनीचा भार पेलू लागली आहे का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरने आधी तपासलेलं असू द्या.

आत शिरण्याआधी

बंद थिएटरमध्ये टॉर्च घेऊन हौशी मंडळींना फिरवणं ही वाईट सवय आहे. केबिनच्या भिंतींचं अस्तर, आगीचा पडदा, पाइपांवरची गुंडाळी, छतावर फवारलेला मऊ थर आणि जुन्या तारांचं आवरण यांत ॲस्बेस्टॉस असू शकतो. नमुना प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कुठेही भोक पाडू नका. जुन्या तैलरंगात शिसं असतं, म्हणून कोरडं घासणं आणि ज्वाळेने रंग जाळणं दोन्ही टाळा. कबुतरांची विष्ठा झाडूने झाडली की बुरशीचे कण हवेत उडतात आणि फुप्फुसांत जातात. ती आधी पाण्याने ओली करा, मग फावड्याने पिशवीत भरा, आणि त्या वेळी तोंडावर नीट बसणारा, बारीक कण अडवणारा मास्क हवाच.

केबिनमध्ये तीन गोष्टी वेगळ्या सांभाळाव्या लागतात. पहिली, जुन्या फिल्मचे डबे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ३५ मिमी फिल्म नायट्रेटची होती. ती जळताना स्वतःच प्राणवायू पुरवते, त्यामुळे पाण्याखालीही जळत राहते आणि झाकून विझत नाही. डब्यात तपकिरी भुकटी, चिकट थर किंवा उग्र वास असेल तर डबा बंद करा, उन्हापासून आणि ठिणगीपासून दूर ठेवा, आणि अग्निशमन दल व चित्रपट संग्रहालय यांना बोलवा. व्हिनेगरसारखा वास आला तर ती ॲसिटेट फिल्म. तिच्यात आगीचा तसा धोका नाही, पण शेजारच्या चांगल्या फिल्मला तो वास बाधतो, म्हणून वेगळी ठेवा. दुसरी, प्रोजेक्टरमध्ये राहून गेलेला झेनॉन दिवा. थंड असतानाही त्यात वातावरणाच्या कितीतरी पट दाब असतो. चेहऱ्यावर ढाल, जाड जाकीट आणि हातमोजे घालूनच तो काढायचा आणि लगेच त्याच्या कवचात ठेवायचा. तिसरी, काचेच्या मोठ्या फुग्यासारखा रेक्टिफायर, म्हणजे एसी विजेची डीसी करणारं उपकरण. त्यात पारा असतो, तो फुटू देऊ नका.

पाणी

पाणी थांबल्याशिवाय आतल्या कामाचा एक रुपयाही खर्च करू नये. थिएटरच्या छपराला उतार असतो आणि भोवती उंच कठडा, म्हणजे सगळं पाणी कठड्यामागच्या पन्हळीत जमा होतं. त्या पन्हळीतून निघणारे बिडाचे पाइप अनेकदा भिंतीच्या पोटातून खाली नेलेले असतात, दर्शनी भागाला दिसू नयेत म्हणून. पाइपाला आत तडा गेला की भिंत वर्षानुवर्षं पाणी पिते आणि वरून छप्पर मात्र ठणठणीत दिसतं.

तपासणी अशी करा. पन्हळीतला सगळा गाळ काढा. एका वेळी एकाच पाइपात रंगीत पाणी सोडा आणि खाली किती आलं, कुठे डाग उमटला ते पाहा. सपाट गच्ची असेल तर तोंडं बंद करून पाणी साठवण्याची चाचणी २४ तास ठेवतात, पण ५० मिमी पाणी म्हणजे दर चौरस मीटरला ५० किलो वजन, हे विसरू नका. गंजलेल्या तुळयांवर ही चाचणी इंजिनिअरला विचारल्याशिवाय करणं धोक्याचं. भिंतीतला पाइप फुटलेला निघाला तर तो दुरुस्त करत बसू नका. त्याचं तोंड कायमचं बंद करा आणि मागच्या बाजूने उघडा पाइप खाली आणा. दिसला तर दिसला. प्रत्येक पन्हळीला किमान दोन तोंडं हवीत. शिवाय कठड्यातून बाहेर फेकणारं एक जादा तोंड हवं, आणि त्याची पातळी आतल्या पत्र्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली हवी. ही पातळी चुकली की पाइप तुंबल्यावर पाणी बाहेर जायच्या आधी आत येतं.

पाणी थांबल्यावर भिंत वाळायला वेळ द्यावा लागतो. ढोबळ हिशेब महिन्याला २५ मिमी. ४५ सेंमी जाडीची भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तर नऊ महिने, एका बाजूला सिमेंट किंवा तैलरंग असेल तर दीड वर्ष. हीटर लावून घाई केली तर भिंतीतले क्षार एकदम पृष्ठभागावर येतात, लोणा फुटतो आणि शाबूत प्लास्टरही सुटतं. दारं-खिडक्या उघड्या ठेवून हवा खेळती ठेवणं, ओलसर सिमेंटचा गिलावा उतरवणं आणि वाट पाहणं, एवढंच करायचं. चुन्याच्या भिंतीला पुन्हा चुन्याचाच गिलावा द्या: एक भाग चुना, तीन भाग चांगली टोकदार वाळू. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो आणि ती दोन-तीन मीटर वर सरकून नक्षीपर्यंत पोचते.

छत: सगळ्यात जास्त वेळ इथे

जुन्या थिएटरचं नक्षीदार छत दगडी किंवा भरीव दिसतं, पण बहुतेकदा ते जिप्सम प्लास्टरचं पातळ कवच असतं. आत गोणपाट आणि लाकडी पट्ट्या घातलेले तुकडे साच्यात ओतून, वर कैचीला (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) किंवा लाकडी चौकटीला टांगलेले असतात. टांगण्याची रीत अशी: गोणपाटाची पट्टी ओल्या प्लास्टरमध्ये बुडवून ती तुकड्यातल्या लाकडी पट्टीवरून आणि तारेवरून गुंडाळायची. म्हणजे टनावारी वजन अशा शेकडो गाठींवर लटकत असतं. १९ डिसेंबर २०१३ रोजी लंडनच्या अपोलो थिएटरमध्ये प्रयोग चालू असताना छताचा भाग प्रेक्षकांवर कोसळला, तो या गाठींचं कापड आणि प्लास्टर जुनं होऊन कुजल्यामुळे. खालून पाहिलं तर असं छत बरेचदा निर्दोष दिसतं.

म्हणून तपासणी वरून. माळ्यावर कैचीच्या आधाराने चालण्याच्या फळ्या टाका, कमरेला दोर बांधा, आणि प्लास्टरवर किंवा त्याच्या लाकडी पट्ट्यांवर पाय ठेवू नका. आधी धूळ व्हॅक्यूमने काढा. धुळीच्या थराखाली गाठी दिसतच नाहीत. माळ्यावर उष्णतारोधक चादर पसरलेली असेल तर तीही उचला. एक मीटरचे चौकोन पाडून प्रत्येक गाठीला क्रमांक द्या, फोटो घ्या आणि चार गोष्टी नोंदवा: तारेचा गंज, कापडाचा रंग, गाठ लाकडाला धरून आहे की मध्ये फट आहे, आणि आसपास पाण्याचा डाग आहे का. निरोगी गोणपाट चिमटीत ओढला तर ताणतो. कुजलेला तंबाखूसारखा चुरतो. काळपट-तपकिरी झालेली गाठ हाताला घट्ट लागली तरी बाद धरा. दुसरा माणूस खालच्या परांचीवरून मऊ गादी लावलेल्या फळीने छत हलकेच दाबत असताना वरच्याने हालचाल पाहायची. दोनएक मिलिमीटर जरी उचललं गेलं, तरी त्या भागाच्या टांगण्या भार घेत नाहीत.

बिघाडाची कारणं ठरावीक असतात. गळती, हे उघड. त्याखालोखाल माणसं: नव्या दिव्यांच्या, एसीच्या नळ्या कामगारांनी त्याच तारांना बांधलेल्या असतात. तिसरं कारण उष्णता. जिप्समच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं आणि दीर्घकाळ ५० अंश सेल्सिअसच्या वर तापत राहिलं की ते निघून जातं, प्लास्टर खडूसारखं होतं. खाचेत लपवलेल्या जुन्या बल्बांच्या डोक्यावरचा पट्टा म्हणूनच नेहमी कमजोर निघतो.

नवी टांगणी अशी घालायची. जुनी गाठ लगेच कापू नका. नवीने भार घेईपर्यंत ती राहू दे. लाकडी पट्टीच्या आसपासचं प्लास्टर ब्रशने स्वच्छ करा आणि पाणी मारा, कारण कोरडं जुनं प्लास्टर नव्यातलं पाणी शोषून घेतं आणि ते घट्ट होण्याआधीच भुसभुशीत होतं. हे विसरणं ही इथली सगळ्यात सामान्य चूक. स्टेनलेस स्टीलची तार पट्टीखालून घ्या. साधी लोखंडी तार ओल्या प्लास्टरमध्ये गंजते. बादलीत आधी पाणी घ्या, मग वरून प्लास्टर भुरभुरा: १०० भाग प्लास्टरला वजनाने ६५ ते ७० भाग पाणी. मिनिटभर भिजू द्या, मग ढवळा. चार बोटं रुंद आणि हातभर लांब गोणपाटाची पट्टी त्यात बुडवून तारेसकट लाकडी पट्टीवरून दोन-तीन फेरे गुंडाळा आणि टोकं जुन्या पृष्ठभागावर पसरून दाबा. प्लास्टर आवळायला लागलं की हात लावू नका. बादलीत उरलेलं प्लास्टर पाणी घालून पातळ करणं म्हणजे ताकद घालवणं. ते फेकून द्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भागातल्या काही गाठी ताणकाट्याने ओढून पाहा. किती ओढायचं ते इंजिनिअर ठरवेल. अंदाजासाठी, साधं सपाट कवच दर चौरस मीटरला १५ किलोच्या आसपास असतं आणि भरगच्च नक्षीचं त्याच्या दुप्पट किंवा जास्त.

हरवलेली नक्षी घडवताना शाबूत असलेला सगळ्यात सुबक तुकडा निवडा आणि त्यावरचे रंगाचे थर आधी काढा. सहा-सात थरांवरूनच सिलिकॉनचा साचा घेतला तर पानांच्या कडा बोथट येतात आणि तुकडाही मूळ जागेत बसत नाही. साच्यात पहिला हात पातळ, बिनकापडाचा. तो आवळायच्या आत दुसरा हात गोणपाटासह, कडांना लाकडी पट्ट्या. जाडी ८ ते १० मिमी पुरे. ओला तुकडा टांगू नका. वाळायला हवेवर आठवडा-दोन आठवडे लागतात आणि ओल्यावर दिलेला रंग सोलून निघतो.

रंग

भिंतीवर आज दिसतो तो पहिला रंग नव्हे. दोन ठिकाणी धारदार पात्याने पायऱ्या पाडत मुळापर्यंत जा आणि काही मिलिमीटरचे नमुने काढून रेझिनमध्ये बसवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला द्या. नमुना उघड्या भिंतीच्या मध्यावरून नको. नक्षीच्या खोबणीतून किंवा खुर्चीमागच्या कोपऱ्यातून घ्या, तिथे जुना रंग घासून गेलेला नसतो. जवसाच्या तेलातला रंग अंधारात वर्षानुवर्षं राहिला की पिवळा पडतो. उघडलेला पट्टा थोडे आठवडे उजेडात राहू द्या आणि मगच रंग जुळवा, नाहीतर निळ्याच्या जागी हिरवट छटा घेऊन बसाल. सोनेरी भाग खरा वर्ख आहे की पितळी पूड, हेही बघा. पितळी पूड काळवंडून तपकिरी होते, वर्ख होत नाही. आणि हा रंग जुन्या तारेच्या बल्बच्या पिवळट उजेडात पाहण्यासाठी ठरवलेला होता, हे ध्यानात ठेवून नमुना त्याच प्रकाशात मंजूर करा.

दर्शनी भाग आणि निऑन

दर्शनी भागावर आर्ट डेको काळातली रंगीत अपारदर्शक काच असेल तर ती जपून वागवा, कारण तशी काच आता सहसा बनत नाही. तिच्यामागचा डांबरी चिकट लेप तीन-चार दशकांत कडक होऊन सुटतो आणि काच एका कोपऱ्यावर टिकून असते. उचकटण्याऐवजी लेप द्रावकाने मऊ करून मागून पियानोची तार करवतीसारखी फिरवून तो कापतात. दोन माणसं काच धरायला हवीत. एखादी काच फुटलीच असेल तर चांगली काच खालच्या, नजरेच्या पातळीवर आणा आणि पर्यायी रंगवलेली काच वर लावा.

फलकाच्या पत्र्याच्या पेटीत पाणी साचणं हा निऑनचा खरा शत्रू. नळी स्वतः अनेक दशकं चालते. जातो तो ट्रान्सफॉर्मर, उच्च दाबाची केबल किंवा रबरी टोपण. हे ट्रान्सफॉर्मर १५,००० व्होल्टपर्यंत देतात, त्यामुळे हे काम परवानाधारक माणसाचंच. नळीची टोकं काळी पडली असतील तर इलेक्ट्रोड संपत आलेत. लाल उजेड निऑनचा, निळा बहुधा आर्गॉन आणि पाऱ्याचा, म्हणून फुटलेली निळी नळी कचऱ्यात टाकू नका. पेटीच्या तळाला ६ ते ८ मिमीची निचऱ्याची भोकं ठेवा. गळती थांबवायला म्हणून तळ सिलिकॉनने बुजवणारे कारागीर भेटतात, त्यांना आवरा. धावत्या दिव्यांच्या जागी एलईडी बल्ब लावायला हरकत नाही, रंग २२०० ते २७०० केल्विनमधला घ्या. मात्र जुन्या बल्बांच्या उष्णतेने पेटी आतून सुकी राहायची, एलईडीने ती राहत नाही, म्हणून हवा जायला जाळीची वाट करा. निऑन अक्षरांच्या जागी प्लास्टिकच्या लवचीक एलईडी पट्ट्या लावल्या तर समोरून चालून जातं. पण निऑनचा उजेड चहूबाजूंनी पडतो आणि मागच्या पत्र्यावर सांडतो. तो सांडलेला उजेडच फलकाचं रूप असतं.

पडदा आणि प्रोजेक्शन

डिजिटल सिनेमाच्या मानकानुसार पडद्याच्या मध्यभागी ४८ कँडेला प्रति चौरस मीटर (पृष्ठभागाच्या तेजाचं माप) उजेड लागतो. यावरून प्रोजेक्टर ठरतो, विक्रेत्याच्या शिफारशीवरून नव्हे. समजा रुंद चित्राचा पडदा १२ मीटर आहे, म्हणजे उंची सुमारे ५ मीटर, क्षेत्रफळ ६० चौरस मीटर. साध्या पांढऱ्या पडद्यासाठी ४८ × ३.१४ × ६० म्हणजे साधारण ९,००० ल्युमेन (एकूण प्रकाशाचं माप) पडद्यावर पोचायला हवेत. केबिनच्या काचेत पाच टक्के जातात, आवाज यावा म्हणून पडद्याला असलेल्या बारीक भोकांतून पाच टक्के. रुंद चित्र प्रोजेक्टरच्या चिपचा सुमारे ८० टक्केच भाग वापरतं, आणि दिवा जुना होईल त्यासाठी २० टक्के राखीव ठेवायचे. सगळं धरून १६,००० ल्युमेनच्या आसपासचं यंत्र लागतं. चकाकणारा जास्त परावर्तनाचा पडदा लावून छोट्या यंत्रावर भागवण्याची कल्पना मोहक असते, पण मध्ये तेजस्वी डाग आणि बाजूच्या खुर्च्यांना मळकट चित्र, असा तिचा निकाल लागतो.

बाल्कनीच्या वर असलेल्या केबिनमधून प्रकाश तिरका खाली येतो आणि चित्र खाली पसरट होतं. फिल्मच्या काळात चौकटीची पट्टी घासून हे झाकत. आज लेन्स सरकवून जेवढं होईल तेवढं करा, पडदा काही अंश मागे कलता लावा आणि उरलेलं काळ्या कडेखाली घ्या. इलेक्ट्रॉनिक दुरुस्तीने चित्राची धार जाते. शेवटच्या रांगेत उभ्या माणसाच्या डोक्याला प्रकाशाचा झोत लागतो का, हे खुर्च्या बसवण्याआधी तपासा.

केबिनच्या झडपा आणि आग लागताच वितळून झडप पाडणाऱ्या त्यांच्या कड्या काढू नका. जागा असेल तर ३५ मिमीची दोन यंत्रं तशीच ठेवा, संग्रहालयांकडून मिळणाऱ्या जुन्या प्रती दोन यंत्रांवर आळीपाळीनेच चालवाव्या लागतात: ६०० मीटरचं रीळ सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने सुमारे २२ मिनिटांत संपतं. यंत्र वर्षानुवर्षं उभं असेल तर मोटर सुरू करण्याआधी फिल्म थांबवत-ओढणाऱ्या चक्राच्या डबीतलं घट्ट झालेलं तेल काढून नवं भरा आणि हाताने फिरवून पाहा. आवाज वाचणारा जुना पांढरा दिवा बदलून लाल एलईडी लावा. नंतरच्या काळातल्या प्रतींवरची निळसर ध्वनिपट्टी पांढऱ्या दिव्यावर नीट वाचली जात नाही, आणि जुनी चांदीची पट्टी लाल दिव्यावरही उत्तम चालते.

आवाज

नाटक आणि वाद्यांसाठी बांधलेलं सभागृह आजच्या चित्रपटासाठी जास्त घुमतं. टाळी वाजवून अंदाज येतो, पण मोजमाप करून घ्या आणि मग सॅबिनचं सूत्र वापरा: घुमण्याचा काळ म्हणजे ०.१६१ गुणिले घनफळ, भागिले एकूण शोषण. सभागृह ५,००० घनमीटर आणि काळ १.६ सेकंद असेल तर आजचं शोषण सुमारे ५०० एकक. ०.९ सेकंदांवर यायला ८९० च्या वर लागतं, म्हणजे जवळजवळ ३९० एककांची भर. भिंतींना हात न लावता ती कुठून येईल? लाकडी बाकांऐवजी गादीच्या ५०० खुर्च्या, प्रत्येकी ०.४ ची भर, म्हणजे २००. वाटांवर १५० चौरस मीटर गालिचा, ४५. मागच्या भिंतीला चुण्यांचा जाड पडदा, १०० चौरस मीटर, ६०. पडद्यामागे काळ्या कापडाखाली १०० मिमी जाड खनिज लोकर, १०० चौरस मीटर, ९०. हिशेब जुळतो आणि नक्षीवर एकही तक्ता येत नाही. खुर्च्यांचं कापड हवा आरपार जाणारं हवं. रेक्झिनने मढवलेली खुर्ची आवाज शोषत नाही, मग निम्म्या भरलेल्या खेळाला आणि भरगच्च खेळाला आवाज वेगळा येतो.

घुमटाखालच्या काही खुर्च्यांवर प्रतिध्वनी एकवटतो. तिथे घुमटाच्या जाळीमागे लोकर भरता येते.

खुर्च्या, तारा, दारं

जुन्या खुर्च्यांच्या बिडाच्या पायांना उताराप्रमाणे वेगवेगळा कोन असतो. काढताना प्रत्येक पायाला रांग आणि क्रमांकाची पत्र्याची चकती बांधा, नाहीतर परत बसवताना अर्ध्या रांगा पुढे झुकतात. तडा गेलेलं बीड साध्या वेल्डिंगने पुन्हा फुटतं; आधी तापवून निकेलची कांडी वापरणारा किंवा पितळेने जोडणारा कारागीर शोधा. जुन्या रांगांमधलं अंतर ७५ ते ८० सेंमी असतं आणि आजच्या प्रेक्षकाला ते पुरत नाही. ९५ ते १०० सेंमी केलं तर आसनांची संख्या पाचव्या हिश्श्याने किंवा जास्त घटते. हा आकडा तिकीट-उत्पन्नाच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा. उताराची जागा आखतानाच व्हीलचेअरच्या जागा आणि १:१२ चा रॅम्प बसवा.

रबर आणि कापडाच्या वेष्टनाच्या तारा चाचणीत उत्तीर्ण झाल्या तरी बदलाच. हात लावला की वेष्टन झडतं. नव्या नळ्या छताच्या टांगण्यांना न बांधता थेट कैचीला बांधा, आणि हे काम छताची दुरुस्ती संपण्याआधी, रंगाच्या कितीतरी आधी उरकलेलं हवं. ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागोच्या इरोक्वा थिएटरच्या आगीत ६०० हून जास्त माणसं गेली. तिथली काही दारं कुलूपबंद होती, काही पडद्याआड लपलेली. बाहेर पडायचं प्रत्येक दार बाहेरच्या बाजूला, दांडा ढकलताच उघडलं पाहिजे, आणि जुन्या दारावर असा दांडा बसवायला लाकूड कापावं लागलं तर वारसा म्हणून हात आखडू नका.

अंदाजपत्रकात अनपेक्षित कामांसाठी २० टक्के तरी वेगळे ठेवा. उघडण्याआधी दिवे मालवून आणीबाणीच्या दिव्यांवर पूर्ण सभागृह रिकामं करून पाहा, चाचणीचा खेळ चालू असताना वीज तोडून. त्यानंतर वर्षातून दोनदा पन्हळी साफ करणं आणि वर्षातून एकदा माळ्यावर जाऊन त्याच क्रमांकांच्या गाठी त्याच यादीनिशी तपासणं, यासाठी माणूस आणि रक्कम दोन्ही आताच ठरवून टाका. ती यादी केबिनमध्ये एक प्रत आणि इमारतीबाहेर एक प्रत अशी ठेवा.